फिनिश शिव्यांचा ऑनलाइन क्लास: चार शनिवार, १८०० रुपये, कसा होता ते सविस्तर

मागच्या डिसेंबरात चार शनिवार संध्याकाळी ७ ते साडेआठ मी एक ऑनलाइन क्लास केला, विषय फिनिश भाषेतल्या शिव्या आणि त्यांची मुळं. फी १८०० रुपये. शिकवणाऱ्या मॅडम मराठीच, मूळच्या नांदेडकडच्या, लग्नानंतर फिनलंडला तांपेरे शहरात गेल्या त्या तिथल्याच झाल्या. ग्रुपवर दोघातिघांनी विचारलं की पैसे वसूल झाले का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, लांब होईल पण वाचा.

आधी मी ह्या क्लासकडं कसा आलो ते सांगतो, त्याशिवाय मला त्यात एवढं काय वाटलं ते कळणार नाही. मी वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दीड वर्षाखाली आमच्याकडं फिनलंडवरून एक मशीन आलं आणि ते बसवायला तिकडचा सर्व्हिस इंजिनिअर आला, पन्नाशीचा माणूस, उंच, बोलणं एकदम कमी. सकाळी आला की मान हलवायची, कॉफी घ्यायची आणि कामाला लागायचं. तर एक दिवस मोटर आणि गिअरबॉक्सचं अलाइनमेंट चाललं होतं, डायल गेज लावलेलं, शिम काढ, शिम घाल, परत बघ, असं करता करता दुपारचे तीन वाजले, काटा शेवटी पाहिजे तिथं आला, आणि शेवटचा बोल्ट टाइट करताना त्याची मुंडी तुटून पान्यातच राहिली. आम्ही सगळे गप. तो माणूस उठला पण नाही, गुडघ्यावर बसल्या बसल्या त्या तुटक्या बोल्टकडं बघत राहिला आणि मग सावकाश, दात आवळून, एकच शब्द म्हणला. पेर्रर्रकेले. आमच्या हेल्परला वाटलं साहेब पक्कड मागायलेत, त्यानं पळत जाऊन पक्कड आणून हातात दिली. साहेबानं ती घेतली, बाजूला ठेवली, कॉफी पिऊन आला, बोल्टात ड्रिल मारलं, एक्स्ट्रॅक्टरनं तुकडा बाहेर काढला आणि रात्री आठला मशीन चालू करून दिलं.

मला ते डोक्यात बसलं. आमच्या शॉपफ्लोरवर असा बोल्ट तुटला असता तर अर्धा तास सगळ्यांच्या आया-बहिणी निघाल्या असत्या, बोल्ट बनवणाऱ्याची, स्टोअरवाल्याची, पाना धरणाऱ्याची. हा माणूस कुणाच्या आईला काही म्हणला नाही, कुणाकडं बघितलं सुद्धा नाही. मग म्हणला कुणाला? हा प्रश्न मला वर्षभर होता, आणि फोनवर ह्या क्लासची जाहिरात दिसली तेव्हा मी त्याच रात्री पैसे भरले. आई म्हणली, शिव्या शिकूलालास व्हय रे पैसे देऊन. तिला तेव्हा सांगता आलं नाही, आता सांगू शकतो.

पहिल्या शनिवारी मॅडमनी सुरुवातीला कॅमेरा खिडकीकडं फिरवला. आपल्याकडं सात, तिकडं दुपारचे साडेतीन, आणि बाहेर अंधार, रस्त्यावरचे दिवे लागलेले, खाली बर्फ. म्हणल्या ह्या दिवसात इथं तीन वाजून गेले की सूर्य मावळतो, हा अंधार डोळ्यासमोर ठेवा मग शब्द कळतील. आणि मग सरळ पेर्केले वरच आल्या.

पेर्केले म्हणजे आज फिनिशमध्ये सैतान, आणि शिवी म्हणून सगळ्यात वजनदार. पण मूळ सैतानाचं नाही. बाल्टिक समुद्रापलीकडच्या लिथुआनियात पेर्कूनास नावाचा देव होता, लाटवियात त्यालाच पेर्कोन्स म्हणतात, विजेचा आणि गडगडाटाचा देव. फार जुन्या काळी फिनिश लोकांच्या पूर्वजांनी बाल्टिक शेजाऱ्यांकडून जे शब्द घेतले त्यात हा आला असं बहुतेक भाषा अभ्यासक मानतात. फिनलंडचा स्वतःचा गडगडाटाचा देव उक्को, उक्को म्हणजे म्हातारा, आपण आजोबा म्हणू तसं, आणि आजही फिनिशमध्ये ढगांच्या गडगडाटाला उक्कोनेन म्हणतात म्हणजे जवळजवळ छोटा उक्को. काहीजणांच्या मते पेर्केले हे ह्या उक्कोचंच दुसरं नाव होतं. मॅडमची एक गोष्ट मला इथं लई आवडली, की त्या प्रत्येक वेळी सांगत होत्या हे पक्कं आहे, हे बहुतेकांचं मत आहे आणि ह्याच्यावर वाद आहे. व्हिडिओवाले लोक सगळंच छातीठोक सांगतात, तसं इथं नव्हतं.

मग ख्रिश्चन धर्म आला आणि जुन्या देवांचं काय करायचं हा प्रश्न आला. देव नव्हताच म्हणून लोक ऐकणार नाहीत, कारण आभाळ तर गडगडतंच आहे. म्हणून म्हणायचं की आहे, पण तो देव नाही, सैतान आहे. १७७६ च्या फिनिश बायबलमध्ये येशूला रानात नेऊन मोहात पाडणारा जो आहे त्याचं नाव चक्क पेर्केले छापलंय. मॅडमनी त्या पानाचा फोटो दाखवला, जुन्या जाड टायपातला, आणि त्या ओळीवर बोट ठेवून वाचलं. आताच्या बायबलमध्ये तिथं दुसरा शब्द घातलाय कारण पेर्केले आता चर्चमध्ये मोठ्यानं वाचायची सोय राहिली नाही. एकच शब्द आधी देव्हाऱ्यात, मग धर्मग्रंथात सैतान म्हणून, आणि मग तुटलेल्या बोल्टासमोर गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडात. मी वहीत लिहिलं, तो विजेच्या देवाला म्हणला होता. त्याला स्वतःला माहीत असो नसो.

आणि आता जे सांगतो ते ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो होतो. पेर्कूनास हे नाव आणि आपल्या वेदातला पर्जन्य हे नाव, दोन्ही एकाच जुन्या मुळातून आले असावेत असं काही अभ्यासक म्हणतात. सगळ्यांना मान्य नाही, ध्वनीचा हिशोब पूर्ण जुळत नाही असं दुसरे म्हणतात, मॅडमनी ते पण सांगितलं. पण ऋग्वेदाच्या ५ व्या मंडलातलं ८३ वं सूक्त पर्जन्याचं आहे, तो त्यात बैलासारखा डरकाळतो, वीज पाडतो, झाडं मोडतो आणि पाणी देतो. आम्ही लातूरकडची माणसं, आमच्याकडं २०१६ ला रेल्वेनं मिरजेहून पाणी आणावं लागलं होतं, आमच्या तालुक्याच्या ऑफिसात पर्जन्यमापक आहे आणि दर जूनला पेपरात पर्जन्यमानाचे आकडे आम्ही जसे वाचतो तसे दुसरं कुणी वाचत नसेल. त्या शब्दाचा लांबचा भाऊ फिनलंडमध्ये शिवी होऊन बसला असेल ही शक्यताच मला पुढचे दोन दिवस पुरली.

दुसरा शनिवार माझ्या मते सगळ्यात चांगला, फक्त ह्याच्यासाठी ९०० रुपये द्यायला पण मी तयार आहे. शब्द होता हित्तो. आज ही अगदी सौम्य शिवी, आपल्याकडं च्यायला म्हणतो त्याच्यापेक्षा पण हलकी, पोरं शाळेत म्हणतात. हित्तो आला हीसी वरून, आणि हीसी म्हणजे मुळात पवित्र राई. आपली देवराई. झाडं तोडायची नाहीत, नैवेद्य ठेवायचा, पूर्वजांचा वास असलेली जागा. धर्म बदलला तशी ती जागा वाईट ठरली, मग त्या जागेत राहणारा कुणीतरी वाईट ठरला, आणि हीसी हे जागेचं नाव राहिलं नाही, राक्षसाचं झालं. आता फिनिशमध्ये एखाद्याला हाकलायचं तर म्हणतात पाइनू हीतेन, हीसीकडं जा, आपण मसणात जा म्हणतो तसं. पण नकाशावर जुन्या खुणा आहेत. बर्फयुगात वितळत्या पाण्यानं दगड गरागरा फिरवून खडकात जी गोल खोल भोकं पाडली त्यांना हीदेनकिर्नू म्हणतात, हीसीचा लोणी घुसळायचा डेरा. मॅडमनी फोटो दाखवला, मोठ्या खडकात विहिरीसारखं गुळगुळीत भोक, आत पाणी आणि पानं साचलेली. दुसरा फोटो नुसत्या दगडांच्या माळाचा, मैदानभर गोटेच गोटे, त्याचं नाव पिरुनपेल्तो, सैतानाचं शेत.

आमच्या गावाकडं औश्याच्या बाजूला ओढ्यावर एक पिंपळ आहे. त्याला मुंजाचा पिंपळ म्हणतात, दिवेलागण झाली की तिकडून कुणी जात नाही, पण फांदी तोडायची हिंमत पण कुणी करत नाही, आणि लग्न ठरलं की पहिला नारळ तिथंच फुटतो. भीती आणि भक्ती एकाच झाडाला. आमच्याकडं कुणी बाहेरून येऊन हे वाईट आहे असं दोनतीनशे वर्षं सांगितलं नाही म्हणून मुंजा मुंजाच राहिला. सांगितलं असतं तर तो पण शिवी झाला असता, मला तसंच वाटतंय.

ह्याच क्लासमध्ये लेम्पो आला, तो पण जुना आत्मा, तो पण आता सौम्य शिवी. कालेवाला नावाचं फिनलंडचं महाकाव्य आहे, एलियास ल्योनरोट नावाच्या डॉक्टरनं खेड्यापाड्यात फिरून गाणी गोळा करून १८३५ ला पहिल्यांदा छापलं आणि १८४९ ला वाढवून ५० गाण्यांचं केलं. त्यात म्हातारा गायक व्हायनामोइनेन कुऱ्हाडीनं नाव घडवत असतो तेव्हा हीसी आणि लेम्पो कुऱ्हाडीचं पातं वळवतात आणि ते त्याच्या गुडघ्यात घुसतं. रक्त थांबत नाही. थांबवायचं तर लोखंडाचा जन्म कसा झाला ते म्हणून दाखवायला लागतं, जो मूळ जाणतो त्याचं ती वस्तू ऐकते. म्हणजे शब्द ही नुसती हवा नाही, शब्दानं काम होतं. आणि इथं मॅडमनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. शिवीला फिनिशमध्ये किरोसाना म्हणतात, म्हणजे शापाचा शब्द. आणि दुसरं नाव वोइमासाना, म्हणजे ताकदीचा शब्द.

ताकदीचा शब्द. मला माझी आज्जी आठवली. ती शिवी द्यायची म्हणजे आताच्या पोरांसारखी नाही, ती म्हणायची तुझा मुडदा बशिवला, तुझ्यावर पटकी पडली, तुझं तळपट होईल. पटकी म्हणजे कॉलरा. तिच्या लहानपणी पटकीत घरंच्या घरं बसायची, मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचे. त्या बाईच्या तोंडात पटकी हा शब्द खरोखर ताकदीचा होता, आणि म्हणून ती नातवंडांवर तो कधीच वापरायची नाही, आम्हाला फक्त मेल्या. विंचू उतरवणारा पण शब्दच वापरतो. हे सगळं माझ्या घरात होतं आणि मला ते तांपेरेच्या एका बाईनं दाखवलं.

अस्वलाचा भाग पण इथलाच. फिनिश लोक जंगलात अस्वलाचं खरं नाव घेत नव्हते, नाव घेतलं की ते येतं. म्हणून मेसिकॅम्मेन म्हणायचे, मधाचा पंजा. आज अस्वलाला जो रोजचा शब्द आहे कार्हू, तो सुद्धा असाच आडून म्हणलेला, खरबरीत केसांचा अशा अर्थाचा. अस्वल मारलं तर त्याची मेजवानी करायचे, मान द्यायचे आणि कवटी पाइनच्या झाडावर टांगायचे. मॅडमनी विचारलं आपल्याकडं असं काय आहे, आणि वीसेक जण एकदम बोलायला लागले. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं, जनावर म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली. दिवा विझवला नाही, मालवला. जालन्याच्या एका ताईंनी सांगितलं की त्यांच्या घरी अजून देवी आली हा शब्द हळू आवाजात म्हणतात. तो पाऊण तास मला आयुष्यभर लक्षात राहील.

त्याच्यानंतरच्या शुक्रवारी येळवस होती. वेळा अमावस्येला आमच्या लातूर-धाराशिवकडं शहरं ओस पडतात, सगळे शेतात. मी पण गावी गेलो. कडब्याची खोप, आत पांडव म्हणून मांडलेले चुना लावलेले दगड, भज्जी, उंडे, मडक्यातलं अंबिल. दादा शेताच्या कडेनं अंबिल शिंपडत चालला आणि मागून पोरं ओरडत होती ओलगे ओलगे सालम पोलगे, कानडीतून आलेलं म्हणतात, अर्थ कुणी विचारत नाही. आणि मला पहिल्या शनिवारचं वाक्य आठवलं. मिकाएल अग्रिकोला म्हणून तुर्कूचा बिशप होता, त्यानंच बायबलचा नवा करार १५४८ ला फिनिशमध्ये आणला. त्यानं १५५१ ला लोकांच्या जुन्या देवांची यादी लिहिली, कवितेत, आणि त्यात तक्रार केली की वसंतातली पेरणी झाली की हे लोक उक्कोच्या नावानं बिअर पितात, पोरी आणि बाया पण पिऊन टल्ली होतात. त्या बिशपनं रागानं लिहिलं म्हणून आज ते आपल्याला माहीत आहे. पेरणी, आभाळातला म्हातारा, पाऊस दे म्हणून मडक्यातलं आंबवलेलं पेय. अंबिलाचा घोट घेताना मी एकदा वर बघितलं, खोटं कशाला सांगू.

तिसरा शनिवार मी गावावरूनच केला आणि इथून तक्रारी सुरू होतात. आधी जे शिकलो ते सांगतो. सातना आणि हेल्वेत्ती. सातना म्हणजे सरळ बायबलमधला सैतान, त्याच्यात शोधण्यासारखं फार नाही. हेल्वेत्ती म्हणजे नरक, स्वीडिशमधून आला कारण १८०९ पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता, आणि स्वीडिश शब्दाच्या पोटात हेल बसलेली आहे, उत्तरेकडच्या जुन्या धर्मातली मृतांच्या जगाची मालकीण. म्हणजे ख्रिश्चन नरकाचं नाव पण जुन्याच देवीवरून. मग युमालाउता. युमाला म्हणजे देव, आउता म्हणजे मदत कर. देवा वाचव, हे पटकन म्हणता म्हणता एक शब्द झाला आणि शिवी झाला. दार बोटावर आपटलं की माणूस देवाचा धावा करतो आणि लोक म्हणतात शिवी दिली.

व्याकरणाचा एक भाग मस्त होता. फिनिश माणूस खूप थंडी आहे असं म्हणताना सातनान म्हणतो, म्हणजे सैतानाची थंडी, आणि खूप छान म्हणायला पण हेल्वेतिन, म्हणजे नरकाचं छान. ऐकायला विचित्र वाटलं, पण मग कळालं आपण मरणाची थंडी म्हणतोच की, मरणाचं ऊन म्हणतो, मरणाची गर्दी. षष्ठी लावून भीती जोडायची, तीच पद्धत.

आणि मग वित्तू, ज्याच्यासाठी निम्मे पोरं क्लासला आली असतील. तिकडच्या तरुणांच्या तोंडात आज ही सगळ्यात जास्त, दर वाक्यात, आणि अर्थ बाईच्या शरीरावरचा. मी इथं जास्त लिहीत नाही, पण मॅडमनी ज्या पद्धतीनं शिकवलं त्याला मानलं. हसू दिलं नाही, लाजल्या पण नाहीत. म्हणल्या की जुन्या फिनिश खेड्यात ह्याच अवयवात एक शक्ती असते असं मानायचे. हिवाळ्यानंतर गुरं पहिल्यांदा बाहेर सोडायच्या दिवशी घरची मालकीण गोठ्याच्या दारावर पाय फाकवून उभी राहायची आणि गुरं तिच्या खालून जायची, म्हणजे अस्वल-लांडग्यापासून राखण होईल. म्हणजे आज जी घाण शिवी आहे ती कधीतरी गुरांचं कवच होतं. मी त्याच क्षणी तेरचा विचार केला. धाराशिव जिल्ह्यात तेरला लज्जागौरीच्या छोट्या मूर्ती सापडल्यात, बसलेली, पाय फाकवलेली देवी, लोक तिला मूल व्हावं, शेत पिकावं म्हणून पुजायचे. आमच्याच मातीतली देवी आणि आम्ही तिच्या अवयवाचं नाव फक्त भांडणात घेतो. आमच्या मराठी शिव्यांच्या मुळाशी पण असंच काही असेल का, हे मला मॅडमना विचारायचं होतं.

विचारता आलं नाही. कारण शेतातल्या घरी रेंज गेली, पंधरा मिनिटांनी परत आलो तर मॅडम पुढं गेलेल्या, आणि पुढं म्हणजे पळतच. दीड तासात चार मोठे शब्द बसवायचे म्हणून वित्तूला वीस मिनिटं पण मिळाली नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की हा एक शब्द एक पूर्ण शनिवार मागतो. मी ठरवलं रेकॉर्डिंग बघू. रेकॉर्डिंग दोन दिवसांनी आलं, अर्ध्यावर बंद पडायचं, डाउनलोड करता येत नाही आणि ३० दिवसांनी लॉक होतं. हे पैसे भरायच्या आधी कुठंच लिहिलेलं नव्हतं. ज्या प्लॅटफॉर्मवरून क्लास घेतला त्यांच्या कस्टमर केअरला मी मेल केला, नऊ दिवसांनी उत्तर आलं की ॲप अपडेट करा. अपडेट केलं, तेच. शेवटी मॅडमनी स्वतः फोन करून तेवढा भाग पंधरा मिनिटात मला परत सांगितला, त्यांना त्याचे कुणी पैसे दिले नाहीत. म्हणून मी शिकवण्याला पाचपैकी पाच देतो आणि प्लॅटफॉर्मला दोन, दोन्ही एकत्र मोजायला मला पटत नाही.

चौथा शनिवार जरा फिका. सौम्य केलेल्या शिव्या होत्या, पेर्केलेचं पेर्हाना, हेल्वेत्तीचं हेम्मेत्ती, हित्तोचं हित्सी, आणि वित्तूवरून जे क्रियापद होतं, डोकं फिरणं अशा अर्थाचं, त्याच्या जागी केतुत्ता, ज्यात केत्तू म्हणजे कोल्हा. म्हणजे मला कोल्हा झालाय असं काहीतरी. हे आपल्या आयला आणि च्यामारी सारखंच, शिवी पण द्यायची आणि थोरांसमोर वाचायचं पण. इथपर्यंत छान. मग ऑफिसमध्ये काय बोलू नये ह्याचा तास झाला, स्वीडनच्या लोकांनी फिनिश साहेबांच्या हुकमी पद्धतीला मॅनेजमेंट बाय पेर्केले असं नाव पाडलंय तेवढं कामाचं, बाकी जोडीजोडीनं संवाद म्हणायला लावले ते मला वेळ घालवल्यासारखं वाटलं. तिकडं नोकरीला जाणारी तीनचार पोरं होती, त्यांना उपयोग झाला असेल.

जाहिरातीत २१ शिव्या लिहिलंय, प्रत्यक्षात नीट शिकवल्या बारातेरा, बाकीच्या नुसत्या यादीत. मला त्याचं काही वाटलं नाही पण आकडा चुकीचा लिहू नये. नोट्स दिल्या त्या सगळ्या रोमन लिपीत, आणि हा मोठा दोष आहे, कारण फिनिशचे उच्चार देवनागरीत फार चांगले बसतात. दोन त सोबत आले तर दोन्ही म्हणायचे, स्वर लांब तर लांब, जोर कायम पहिल्या अक्षरावर. आणि तो र, जो इंग्रजी शाळेतल्या पोरांना जमत नव्हता, तो आमच्या मराठी जिभेला जन्मापासून येतो. क्लासमध्ये मॅडमनी एकेकाला पेर्केले म्हणायला लावलं तेव्हा परभणीच्या एका काकांनी जो र लावला त्याच्यावर मॅडम म्हणल्या, हा इथल्या बसस्टॉपवर खपून जाईल.

कुणी करावा ते सांगतो. नुसत्या शिव्या पाठ करून मित्रांना ऐकवायच्या असतील तर करू नका, त्या फुकट मिळतात. ज्याला शब्द कुठून आला ह्याची ओढ आहे, ज्याच्या घरी अजून पटकी आणि तळपट म्हणणारी आज्जी आहे, त्यानं जरूर करावा, आणि करताना वही घेऊन तिच्या शेजारी बसावं. लहान पोरांना दुसऱ्या शनिवारला बसवायला हरकत नाही, तिसऱ्याला नको.

मॅडम म्हणल्यात पुढची बॅच जूनमध्ये, मिरगाच्या आसपास, आणि नोट्स देवनागरीत करून देणार आहेत, मी त्यांना बारातेरा शब्दांचे उच्चार लिहून पाठवलेत. पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या, रेकॉर्डिंग किती दिवस राहणार आणि डाउनलोड होणार का. आणि पावसाच्या दिवसात गावाकडून करणार असाल तर रेंज कुठं येते ते आधी बघून ठेवा, आमच्याकडं ती फक्त विहिरीच्या काठावर येते.